नवरा कमावतो म्हणून बायकोचा हक्क बुडत नाही

नवरा पूर्णवेळ कामाला असेल, तर बायकोला आजारपणाचे किंवा नोकरी सुटल्यावरचे पैसे मिळतात का? बायको नोकरीत असेल, तर कामावरून कमी झालेल्या नवऱ्याला मिळतात का? चांदूर रेल्वेत हा प्रश्न बऱ्याच घरांतला आहे. इथून बडनेरा-अमरावतीकडे, धामणगाव-पुलगावकडे रोज माणसं कामाला जातात. कुणी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात शिलाईवर असते, कुणी अमरावतीच्या दवाखान्यात सफाईला, कुणी दुकानात. नवरा-बायको दोघं कमावती असलेलं घर आता नवलाचं राहिलेलं नाही. तरी बाई आजारी पडून पंधरा दिवस घरी बसली, की कचेरीत पाऊल टाकण्याआधीच घरात निकाल लागतो: "नवरा कमावते ना तुया, मंग तुले कायचे पैसे भेटतीन?"

हा निकाल चूक आहे. तुमच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर आजारपणाचा भत्ता हा तुमच्या वर्गणीवरचा तुमचा हक्क आहे. जोडीदार किती कमावतो, कुठे कमावतो, त्याची नोकरी कायम आहे की कंत्राटी, हे त्या हिशेबात येतच नाही. नवरा रेल्वेत असो, शाळेत शिक्षक असो की बँकेत, बायकोच्या भत्त्यातला एक रुपया त्यापायी कमी होत नाही. बायकोच्या नोकरीमुळे नवऱ्याचाही होत नाही.

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे सरकारी मदत म्हटलं की आधी शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला डोळ्यांसमोर येतो, आणि त्या दोन्ही कागदांवर अख्खं कुटुंब एकत्र मोजलेलं असतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. म्हणजे घरात एक जण पूर्णवेळ कामाला असला की तो रस्ता जवळपास बंद. लाडकी बहीण योजनेत मर्यादा अडीच लाखांची आहे, आणि घरात कुणी कायम सरकारी नोकर असेल तर अर्ज बाद होतो. या योजना गरज पाहून मदत देतात, म्हणून त्या घर बघतात. ईएसआयचं तसं नाही. तिथे वर्गणी भरणारा माणूस बघितला जातो. अर्ज करायच्या आधी एवढं एक विचारून घ्यावं की ही मदत माझ्या वर्गणीवर आहे की घराच्या उत्पन्नावर. निम्मी अडचण तिथेच सुटते.

ही विभागणी मुळातच करून ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार केला. तो 1944 मध्ये सरकारला सादर झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. पुढे कर्मचारी राज्य विम्याचा 1948 चा कायदा झाला, 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि 1954 मध्ये ती महाराष्ट्रात आली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जी विमा पद्धत उभी राहिली, तिच्यात लग्न झालेल्या नोकरदार बाईला कमी वर्गणी भरायची मुभा होती. त्या बदल्यात तिला स्वतःच्या आजारपणाचा आणि बेकारीचा हक्क सोडावा लागे, कारण ती नवऱ्याच्या विम्यावर आहे असं धरलं जाई. ही मुभा नव्यानं घेणं 1977 मध्ये बंद झालं. आपल्या कायद्यात असली तडजोड कधीच नव्हती. कामगार बाईची वर्गणी पुरुषाइतकीच, आणि हक्कही तेवढाच. सत्तर वर्षांहून जुना हा हक्क आपण घरातल्या घरात सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पगाराच्या चिठ्ठीवरचे 98 रुपये

आता हिशेबाकडे येऊ. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा 25,000 आहे. जुलै 2019 पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. समजा, तुमचा पगार 13,000 आहे. पाऊण टक्का म्हणजे साडेसत्त्याण्णव रुपये. वर्गणी पुढच्या पूर्ण रुपयात धरतात, म्हणून चिठ्ठीवर 98 दिसतील. मालकाचे 423 त्याच्या वरचे. तुमच्या चिठ्ठीवर ही ओळ आहे का, ते आजच बघा. ओळ असेल तर दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या आणि उमंग ॲपवर किंवा ईएसआयच्या संकेतस्थळावर वर्गणी खरोखर जमा होते का ते तपासा. पैसे कापले जातात पण भरले जात नाहीत, असे प्रकार घडतात. ते आजारी पडण्याआधी कळलेलं बरं.

बरेच जण एजन्सीमार्फत कामाला असतात. दवाखान्यातला पहारेकरी, बँकेतली सफाईवाली बाई, कारखान्यातला हमाल, यांना ठेकेदार सांगतो की आमच्याकडे ईएसआय नाही. तेव्हा लक्षात ठेवा, ठेकेदारानं वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची असते. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसं आहेत तिथे हा प्रश्न जरूर विचारावा.

आजारपणाचा भत्ता मिळायला एका वर्गणी काळात निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. वर्गणी काळ दोन आहेत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चमधल्या वर्गणीवर त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे भरणं आणि मिळणं यांत तीन महिन्यांचं अंतर आहे. नव्यानं लागलेल्या माणसाला रोख भत्त्यासाठी पहिले नऊ महिने थांबावं लागतं. औषधोपचार मात्र नोकरीला लागल्या दिवसापासून. हे वेळापत्रक माहीत नसल्यानं लोक चुकीच्या वेळी नोकरी सोडतात किंवा मिळणार असलेले पैसे मागतच नाहीत.

भत्ता सरासरी रोजाच्या 70 टक्के असतो आणि लागोपाठच्या दोन लाभ काळांत मिळून जास्तीत जास्त 91 दिवस मिळतो. रोज 500 धरला तर दिवसाला 350 रुपये. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. दहा दिवस घरी राहिलात तर आठ दिवसांचे 2,800 हाती येतील. पण आधीच्या आजारपणाचा भत्ता घेऊन पंधरा दिवस उलटण्याआधीच पुन्हा पडलात, तर हे दोन दिवस कापत नाहीत. मलेरिया-डेंग्यूच्या दिवसांत, ताप उतरून परत चढतो तेव्हा, ही तरतूद हमखास उपयोगी पडते.

क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात अशा 34 दीर्घ आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. दोन वर्षं सलग नोकरी झाली असेल आणि आधीच्या चार वर्गणी काळांत 156 दिवसांची वर्गणी असेल, तर 80 टक्के दरानं भत्ता मिळतो आणि तो वाढवत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. क्षयाचा रुग्ण सहा महिने औषध खातो, पण घर चालवायला दीड महिन्यातच पुन्हा कामावर जातो आणि औषध अर्धवट सुटतं. ईएसआय असलेल्या कामगारावर ही पाळी यायलाच नको. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण पगाराइतका भत्ता आहे: पुरुषाला सात दिवस, बाईला चौदा.

कामावर अपघात झाला तर वर्गणीच्या दिवसांची अटच नाही. पहिल्या दिवशी इजा झाली तरी सरासरी रोजाच्या 90 टक्के भत्ता लागू होतो.

दाखला कुणाचा आणि कधी

पैसे अडतात ते नियमापेक्षा कागदावर. चार दिवस घरच्या घरी गोळ्या घेतल्या, पाचव्या दिवशी ओळखीच्या खाजगी डॉक्टरकडे गेलो आणि बरं झाल्यावर चिठ्ठी घेऊन कचेरीत गेलो, हा आपला नेहमीचा रिवाज. ईएसआयला दाखला लागतो तो तुमच्या नावावर नेमलेल्या दवाखान्याच्या किंवा ईएसआयशी जोडलेल्या डॉक्टरचा, आणि तो आजारपणाच्या सुरुवातीलाच घ्यायचा. पहिला दाखला, लांबलं तर मधले दाखले, आणि शेवटी कामावर जायला हरकत नाही असं सांगणारा अखेरचा. या तीनही पायऱ्या झाल्या की दावा पुरा होतो. खाजगी दवाखान्यात तातडीनं भरती व्हावं लागलं, तर भरतीची आणि सुट्टीची सगळी कागदपत्रं जपून ठेवा. पर्यायी पुरावा म्हणून ती विचारात घेतली जाऊ शकतात, पण निर्णय कार्यालयाचा असतो.

तुमचा दवाखाना कोणता, हे ईएसआयच्या ई-पहचान पत्रावर छापलेलं असतं. चांदूरात राहून अमरावतीत काम करणाऱ्यांनी ते एकदा बघून घ्यावं. तापात ते शोधत बसायची वेळ येऊ नये. शाखा कार्यालय सापडत नसेल तर 1800-11-2526 या निःशुल्क क्रमांकावर विचारता येतं. आपला भाग नागपूरच्या उपप्रादेशिक कार्यालयाखाली येतो.

ज्या दिवसांचा पगार मिळाला किंवा जे दिवस पगारी रजेत गेले, त्या दिवसांचा भत्ता मिळत नाही. आजारपण आणि बाळंतपण असे दोन भत्ते एकाच दिवसासाठी मिळत नाहीत. बायकोचा भत्ता चालू असताना नवऱ्याला पगार मिळत असेल, तर मात्र त्यात काहीच अडचण नाही, कारण ते दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळे दिवस आहेत. दोघंही विमेदार असतील आणि दोघंही एकाच आठवड्यात डेंग्यूनं पडले, तर दोघांनाही आपापला भत्ता मिळतो.

आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढायला 1948 च्या कायद्याच्या 73 व्या कलमानं बंदी घातली होती. तेव्हा फोनवरून "उद्या ये नाहीतर येऊ नको" असा निरोप आला, तर आधी दाखला मालकाकडे पोचवा आणि पोचवल्याचा पुरावा ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी चालेल, तारीख दिसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. लाभांचा गाभा तोच आहे, पण कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अर्जात जुनं कलम टाकून कुणी अडवायला नको, म्हणून कलम न लिहिता मागणी साध्या शब्दांत लिहा.

जिनिंगमधल्या माणसाचं काय?

वऱ्हाडासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कापसाची सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे, म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने ईएसआयच्या बाहेर आहेत. कायद्यानं त्यांना हंगामी कारखाना म्हटलं आहे. कापसाचं जिनिंग, कापूस किंवा तागाच्या गाठी बांधणं, भुईमूग फोडणं, साखर आणि गूळ करणं, चहा, कॉफी, रबर अशी ती यादी आहे. 1948 च्या कायद्यात ती होती, नव्या संहितेतही आहे. चांदूर, धामणगाव, अमरावती, अकोला, या पट्ट्यात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ज्या जिनांवर हजारो हात राबतात, त्या हातांना पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची ओळच नाही. वर्षानुवर्षं फुफ्फुसात कापसाची धूळ साठवणाऱ्या माणसाला हंगामी म्हणून सोडून देणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या यादीनं सुरुवातीला लहान हंगामी धंद्यांना सूट दिली, तीच यादी आजच्या मोठ्या, यांत्रिक जिनांनाही लागू राहावी, याला काही आधार दिसत नाही.

पण आजचा नियम तो आहे, म्हणून त्यातून वाट काढायची. सूट फक्त हंगामी काम करणाऱ्या कारखान्याला आहे. त्याच आवारात सूत कातण्याचं किंवा बाराही महिने चालणारं दुसरं उत्पादन असेल, तर सूट खरंच लागू होते का, हे ईएसआयच्या कार्यालयात लेखी विचारावं. जिनात हात सापडला, बोट गेलं, गाठ अंगावर पडली, तर ईएसआय नसलेल्या ठिकाणी 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचा हक्क होता आणि संहितेतही तशीच तरतूद आहे. तात्पुरती असमर्थता असली तरी ठरावीक भरपाई मालकानं द्यायची असते. म्हणून अपघात झाला त्याच दिवशी दवाखान्याच्या कागदावर "कामावर असताना इजा" असं लिहून घ्या. घरी पडलो असं लिहायला कुणी सुचवलं, तर ऐकू नका.

आणि इथे जोडीदाराची नोकरी उलट उपयोगी पडते. समजा, नवरा जिनात आहे आणि बायको नांदगाव पेठेत शिलाईवर, तिची वर्गणी कापली जाते. तिच्या कार्डावर नवरा कुटुंबातला माणूस म्हणून नोंदवता येतो. कायद्याच्या व्याख्येत आई-वडिलांसाठी अवलंबून असण्याची अट आहे, मुलांसाठीही आहे, पण पती किंवा पत्नी यांच्यासाठी ती नाही. नवरा स्वतः कमावता असला तरी बायकोच्या विम्यावर त्याला औषधोपचार मिळतो. रोख भत्ता त्याला मिळणार नाही, तो वर्गणी भरणाऱ्या बायकोचाच. पण खोकला, दमा, जिनाच्या धुळीनं होणारा त्रास यांच्या तपासणीसाठी खिशातून पैसे घालायची गरज उरत नाही. नव्या संहितेत कामगार बाईला अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांनाही कुटुंबात घेता येतं. कितीतरी बायांच्या कार्डावर एकट्या त्यांचंच नाव असतं, कारण भरती होताना कारकुनानं "घरचे कुणी टाकायचे का?" असं विचारलेलंच नसतं. मालकाच्या कचेरीत जाऊन आधार कार्डाच्या प्रतींसह नावं घालून घ्या. हे काम आजारपण येण्याआधी करायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तिची सुरुवात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत झाली, त्यात अमरावती होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार बिनपैशाचे होतात आणि शिधापत्रिकेचा रंग आड येत नाही. पण ती दवाखान्याचं बिल भागवते, बुडालेला रोज देत नाही. ईएसआय आणि ही योजना एकमेकींच्या जागी नाहीत.

नोकरीच गेली तर

बेकारीच्या भत्त्याला आपल्याकडे मोठी परंपरा नाही, म्हणून तो आहे हेच अनेकांना ठाऊक नाही. ईएसआयमध्ये 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी जाण्याआधी निदान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असावं, बेकार होण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात 78 दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात 78 दिवस वर्गणी असावी, अशा अटी. भत्ता आधी सरासरी रोजाच्या 25 टक्के होता, करोनाच्या वर्षी तो 50 टक्के झाला. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस. रोज 500 असेल तर दिवसाला 250, पूर्ण 90 दिवसांचे 22,500. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी अर्ज करता येतो आणि तो कामगार स्वतः थेट शाखा कार्यालयात देऊ शकतो, मालकाच्या पाया पडावं लागत नाही. ही योजना मुदत वाढवत चालू ठेवली जाते, तेव्हा अर्जाच्या दिवशी मुदत चालू आहे ना, एवढं आधी विचारा.

दुसरी योजना 2005 ची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कामाबाहेरच्या इजेनं 40 टक्क्यांहून कमी नसलेलं कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते. पहिलं वर्ष 50 टक्के, दुसरं वर्ष 25 टक्के, आणि त्या काळात कुटुंबाला औषधोपचार. रक्कम आणि मुदत दोन्ही मोठी, पण अट कडक.

या दोन्हींत जोडीदाराच्या पगाराला काही स्थान नाही. नवऱ्याची नोकरी गेली आणि बायको कामावर असली, तरी नवऱ्याचा दावा शाबूत. पण एका गोष्टीला फार महत्त्व आहे, ती म्हणजे नोकरी कशी गेली. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल, वयानं निवृत्त झाला असाल किंवा स्वतःहून सोडली असेल, तर हा भत्ता मिळत नाही. आणि नेमकं इथेच कामगार फसतात. काम कमी झालं की मालक कोऱ्या किंवा छापील राजीनाम्यावर सही मागतो, "हिशेब लवकर करून देतो" म्हणतो. सही केलीत की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात. बेकारीचा भत्ता गेला, कपातीची भरपाईही गेली. वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी ती भरपाई असते. घाई असली तरी सही करू नका. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील, तर तुम्हीच अर्ज लिहा की अमुक तारखेपासून मला काम दिलं जात नाही, आणि तो स्पीड पोस्टानं पाठवा.

कागदाचं महत्त्व किती, ते अचलपूरच्या फिनले मिलकडे पाहून कळतं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ही गिरणी. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्यांची यंत्रं थांबली ती थांबलीच. पण चाकं थांबणं आणि गिरणी कायद्यानं बंद जाहीर होणं यांत फरक आहे. हजेरीपटावर नाव आहे, काम नाही, अशा अवस्थेतला माणूस नोकरीतही नसतो आणि कागदावर बेकारही नसतो. आपल्या भागातली कुठलीही गिरणी किंवा कारखाना असा अडकला, तर एकेकट्यानं धावण्यापेक्षा सर्वांनी मिळून सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी विचारणा करावी की बंदची तारीख कोणती धरायची. तारीख ठरल्याशिवाय दाव्याची मुदत सुरू होत नाही आणि संपलेली कधी कळतही नाही.

भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाही तुमचाच स्वतंत्र पैसा. आजारपणासाठी त्यातून उचल मिळते, तिच्यात जोडीदाराच्या कमाईचा प्रश्न येत नाही. बेकार झाल्यावर तो सगळा एकदम काढण्याआधी मात्र पेन्शनची वर्षं तुटतात का ते नक्की विचारा.

रोजगार हमी: इथे घर मोजलं जातं

गावातल्या मजुरांसाठी रोजगार हमी आहे, आणि तिच्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, 1977 मध्ये कायदा झाला. केंद्राचा कायदा 2005 चा. त्याप्रमाणे कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागतो: पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पावपट, पुढे निदान निम्मा. इथे दिवस कुटुंबाचे मोजले जातात. नवरा-बायको दोघांचे मिळून एकाच जॉबकार्डाचे दिवस. पण कुटुंबातला एक जण कारखान्यात पूर्णवेळ कामाला आहे, एवढ्यावरून दुसऱ्याला काम मागता येत नाही असं कायदा म्हणत नाही. अलीकडे केंद्राचा हा कायदा बदलण्याची प्रक्रिया झाली आहे, म्हणून किती दिवस आणि किती मजुरी हे पंचायत समितीत ताजं विचारून घ्या.

मागणी तोंडी करू नका. ग्रामसेवकाला किंवा रोजगार सेवकाला "काम द्या" म्हणालात आणि त्यानं मान हलवली, तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. लेखी अर्ज आणि तारखेची पोच, एवढ्यावरच भत्ता उभा राहतो. बेकारी भत्ता इतका विरळा मिळतो त्याचं मोठं कारण हेच, की पोच कुणाकडेच नसते.

मुलगा-सून परदेशी असलेल्या घरांतूनही हा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये आज हीच विभागणी आहे. स्वतःच्या वर्गणीवर मिळणारा नव्या पद्धतीचा बेकारी भत्ता जोडीदाराच्या पगारानं कमी होत नाही, आणि युनिव्हर्सल क्रेडिट मात्र दोघांचं उत्पन्न एकत्र धरतं. तिथेही अर्जाआधी प्रश्न एकच: माझ्या वर्गणीवर की घराच्या उत्पन्नावर? व्हिसावर "सार्वजनिक निधी नाही" असा शेरा असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मागू नका, त्यानं व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

आपल्याकडे ईएसआयचा दावा फेटाळला गेला तर "नाही म्हणाले" यावर घरी परतू नका. का नाही, ते लेखी मागा. "नवरा नोकरीत आहे" असं कारण कुणी तोंडी दिलं असेल, तर तेच कागदावर द्या म्हणा. ते कारण कागदावर टिकत नाही. ईएसआयच्या लाभाचा दावा देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत करावा. वाद राहिलाच, तर त्यासाठी कर्मचारी विमा न्यायालय आहे. जाताना ई-पहचान पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, डॉक्टरचे सगळे दाखले तारखेनुसार लावून, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची प्रत बरोबर न्या. पासबुक विमेदाराच्या स्वतःच्या नावाचं असावं. बायकोचा भत्ता नवऱ्याच्या खात्यात मागू नका, नसेल तर आधी तिचं खातं उघडा. आणि जो कागद कचेरीत द्याल, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.